विल्सनचा खर्ज

आज विल्सन परत आलाय, ग्रुप पुन्हा गातोय, म्हणून तुम्ही टाळ्या वाजवताय. पण मंदीत आम्ही एकदा मुद्दाम वाईट गायलो होतो, ते ऐका.

आम्ही चौघं शारजाजवळच्या हमरियातल्या एकाच कंपनीत. आमचं गाणं डू-वॉप, म्हणजे वाद्यं नाहीत. एकजण गातो, बाकीचे तोंडानेच साथ देतात. ऑफिसातली माणसं कमी व्हायला लागली तसा ग्रुपही बदलत गेला. एक मुंबईला परतला की दुसरा शोधायचा. ऐन वार्षिक पार्टीच्या तोंडावर वसईच्या विल्सनचा व्हिसा कॅन्सल झाला, म्हणजे नोकरीच गेली. आमचा खर्जच गेला! नवा आणणार कुठून?

शेवटी तिघंच उभे राहिलो. मी मधेमधे विल्सनचा खर्जही लावला, घसा फाटेपर्यंत. आणि जमलं की हो! मॅनेजरसाहेब खूश होऊन स्टेजवर आले.

“कमाल है! चार का काम तीन में हो गया. यल्ला, चलो, एक और!”

हाच हिशोब उद्या ऑफिसात लागणार. पुढची कपात डोक्यावर होती. शेजारी उभा कुलकर्णी कुजबुजला, “आता विल्सनच्या जागी तोंड उघडलंस ना, तर बघ!”

दुसऱ्या गाण्यात खर्जाची जागा आली की आम्ही तिघंही गप्प. गाणं लंगडत लंगडत कसंबसं संपलं.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “क्या हुआ? मजा नहीं आया.”

कुलकर्णीने माइक ओढला.

“सर, एक आदमी कम है.”

गाणं साफ पडलं होतं, पण टाळ्या थांबेनात. साहेब सोडून सगळ्यांच्या.