टीव्हीचं तोंड भिंतीकडे

नाही नाही, ती साउंडबारची लांब पट्टी खाली ठेवा — ठेवा आधी, मग बोलू. देखणी आहे, मान्य. विकली तर माझाच फायदा, तेही मान्य. पण तुम्ही आत्ता काय म्हणालात? टीव्ही नवा, चित्र आरशासारखं, गाणी ढणाढणा वाजतात आणि माणसं बोलायला लागली की तोंडात घास धरून बोलतात. असंच म्हणालात ना? आणि आई आवाज वाढवत नेतात — कितीपर्यंत? पंचावन्न! मग जाहिरात लागली की अख्खं घर दचकत असणार. दचकतं ना? वाटलंच. अहो, टीव्हीत बिघाड नाही, आणि आईंच्या कानातही — थांबा, आईंचं मागाहून. आधी हा बघा, शिंप्याचा टीव्ही आलाय दुरुस्तीला, तुमच्यासारखाच, बोटाएवढा जाड. फिरवते हं. आता सांगा, याचं तोंड कुठंय? — तिथं नाही, तो रिमोटचा डोळा. हे इथं, मागे, खालच्या अंगाला, ही बारीक जाळी दिसते ना? आत एवढुसे दोन स्पीकर, आणि ते बोलतात कुणाशी? भिंतीशी! टीव्ही बारीक करायच्या नादात बनवणाऱ्यांनी त्याचा गळाच आवळला. मी आता तुमच्याकडे पाठ करून बोलते, ऐका. — कळलं काही? नाही ना? मी म्हटलं, तुमच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत गेलीय. हां, डावी. करा नीट.

तर हे स्पीकरचे दोन डबे घ्या. काँप्युटरपुढे ठेवतात तसले, साधे, कुणीतरी वापरून टाकलेले, मी आतून साफ केलेत. त्या पट्टीच्या पैशात असल्या आठ जोड्या येतील आणि वर तुम्हाला चहा पाजीन. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक असेल, त्यात ही पिन. भोक नसलं तर परत या, काड्यापेटीएवढी एक डबी मिळते, ती मध्ये लावू. बिनतारी नको — त्यात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, मारामारी असली की माणूस आधी पडतो आणि ठोसा नंतर वाजतो. आणि हे डबे टीव्हीशेजारी शोभेला मांडायचे नाहीत. आई बसतात त्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना, कानाच्या उंचीला, तोंड आईंकडे. वायर लांब देते. घुमारा, म्हणजे तो बेस, कमी ठेवा — हे मागचं बटण, डावीकडे. झालं. एवढंच.

काय? एवढ्या खात्रीनं कसं सांगते? पुस्तकातलं नाही हो, घरातलं आहे. ते कोपऱ्यातलं टेबल बघितलंत, काचेची पेटी आहे बघा, आत एवढ्या एवढ्या चिमट्या? ते आमच्या सासऱ्यांचं. चहाला गेलेत, येतील. घड्याळजी. चाळीस वर्षं याच दुकानात, दुकान मुळात त्यांचंच — मी आले सून म्हणून, रेडिओ-टीव्हीचं शिकून आलेली, तर म्हणाले, घरात बसून शिकलेलं गंजवू नकोस पोरी, अर्धं दुकान तुझं. कोण म्हणतं असं? माझ्या सख्ख्या बापानं म्हटलं नसतं. मग अर्ध्यात त्यांची टिकटिक, अर्ध्यात माझी खरखर, असं आमचं चाललं होतं मजेत. घड्याळ कानाला लावायचे आणि न उघडता सांगायचे, याला तेल नको, याचा एक दात झिजलाय. असा कान आमच्या या बाबांचा!

आणि मग घरी नवा टीव्ही आला. नवऱ्यानं हौसेनं आणला, भिंतीवर टांगला, आणि आठ दिवसांत बाबांचा आवाज — म्हणजे टीव्हीचा — चाळीस, पन्नास, साठ. शेजारीण भिंत ठोकायला लागली. बाबा पुढे वाकून, तोंड उघडं टाकून बघायचे आणि दर दोन मिनिटांनी — काय म्हणाला गं तो? नवऱ्यानं निकाल लावला, बाबांचे कान गेले. झालं, गेले म्हणजे गेले! डॉक्टर नाही, तपासणी नाही. आणि मी? मी टीव्ही दुरुस्त करणारी बाई, दिवसाला चार टीव्ही उघडते, माझ्या डोक्यात यायला नको? नाही आलं. माणसाला दोष देणं सोपं असतं बघा, यंत्राला स्क्रूड्रायव्हर लागतो. आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायला लागलो. बाबा! जेवायला! चला! — लहान मुलाला हाकतात तसं. ते हसायचे, मान हलवायचे, आणि बोलणं कमी कमी करत गेले.

आता बहिऱ्या माणसाची एक सोय असते — हसू नका, तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच्यासमोर काहीही बोलता येतं. मी फोनवर बहिणीशी बोलत होते, स्वयंपाकघरात, आणि बाबा तिथंच, हाताच्या अंतरावर, मटार सोलत होते. मी म्हटलं — काय म्हटलं ते सांगू? सांगतेच आता, निम्मं सांगून झालंय. म्हटलं, दुकानात जागा पुरत नाही, आठवड्याला एक घड्याळ येतं आणि म्हाताऱ्याचं टेबल कोपरा अडवून बसलंय, पण हे त्यांना सांगायचं कुणी? म्हातारा म्हटलं मी. त्यांच्यासमोर. आवाज खाली आणायचीही गरज वाटली नाही, आणला तो सवयीनं. आणि वर त्यांच्या घोरण्याचं काहीतरी बोलले मी, हसले. त्यांनी मटार सोलून संपवले, साली गोळा केल्या, वाडगा माझ्यापुढे ठेवला आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात म्हणाले, डोळ्यांना ताण होतोय, आता नाही येत दुकानात. टेबल देऊन टाक कुणाला, जागा तुला होईल. आणि मला काय वाटलं असेल? वाईट? कसलं! आनंद झाला हो मला. टेबल मागच्या गल्लीतल्या सुताराला दिलं, कोपऱ्यात टीव्हींची मांडणी ठोकली आणि रविवारी बहिणीला फोन केला, बघ, न सांगता सुटलं. तेव्हाही बाबा तिथंच होते. खुर्चीत. पेपर वाचत.

दहा महिने. दहा महिने तो माणूस त्या भिंतीकडे बोलणाऱ्या टीव्हीपुढे बसून होता.

मग एक गिऱ्हाईक असलीच जोडी टाकून गेलं दुरुस्तीला. आवाजात बारीकशी चिरचिर होती आणि इथं रस्त्याच्या गोंगाटात ती सापडेना, म्हणून घरी नेली, टीव्हीला लावली. वायर आखूड, पण सॉकेट बाबांच्या खुर्चीजवळ, म्हणून टीव्ही भिंतीवरून काढून तिथं स्टुलावर ठेवला आणि डबे ठेवले त्यांच्या दोन बाजूंना. निव्वळ योगायोग, हुशारी अजिबात नाही. चालू केलं, तर बाबा कानावर हात ठेवून म्हणाले — कमी कर. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, माझ्याच! साठचं तीस केलं. कमी कर. वीस. अजून कमी. नऊवर थांबले, दादा. नऊवर! एक विनोदी नाटक लागलं होतं, त्यातला म्हातारा पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला आणि बाबा खो खो हसले. मला तो विनोद कळायच्या आधी! मी उठले, स्वयंपाकघरात गेले, दाराआड उभी राहिले आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हटलं, दूध संपलं वाटतं. बाहेरून आवाज आला — मग आणू का मी?

कान शाबूत होते त्यांचे. माणसाचं बोलणं त्यांना कायम ऐकू येत होतं, फक्त तो टीव्हीच मुका होता. म्हणजे मटार सोलताना — आणि तो रविवार — आणि त्याच्या अलीकडचं, पलीकडचं सगळं. काय काय बोलले असेन मी! आठवायला लागले की घाम फुटायचा. नवरा इकडे खूश, बाबांचे कान परत आले, बाबांचे कान परत आले, शेजाऱ्यांना सांगत सुटला, आणि मला दोन दिवस त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

तिसऱ्या दिवशी ती मांडणी काढली. सुताराकडे गेले. त्यानं टेबलावर सरसाचे डबे मांडले होते, तो देईना, म्हणाला दिलेलं परत मागतात का? त्याचा मिक्सर फुकट दुरुस्त करून दिला तेव्हा दिलं. घासलं, पुसलं, होतं तिथं ठेवलं. पण बाबांना बोलवायचं कसं? चांगलं काम करायला निघाले तीही खोटं बोलूनच — बहिणीचं मनगटी घड्याळ मागून आणलं आणि म्हटलं, बाबा, एक घड्याळ आलंय, मला उघडता येत नाही, जरा येता? आले. टेबल बघितलं. बसले. घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, हे तर ठणठणीत आहे, कशाला आणलंस? मग मात्र माझा बांध फुटला. या इथं, याच स्टुलावर बसून रडले, गिऱ्हाइकासमोर. म्हटलं, बाबा, मी जे फोनवर बोलत होते ते... तर म्हणाले, ऐकलं होतं मी. खोटं काय होतं त्यात? आठवड्याला एकच घड्याळ येतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? दोन शब्द सुनावायचे होते! तर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ओरडून बोलली असतीस तर उत्तर दिलं असतं. तू हळू बोललीस. हळू बोललेलं आपल्यासाठी नसतं, एवढी रीत मला कळते.

मग घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, मात्र तू बहिणीला सांगितलंस तेवढा मी घोरत नाही. मी रडता रडता हसले, ते गिऱ्हाईकही हसलं, बाबा तेवढे हसले नाहीत — घोरण्याच्या बाबतीत ते खरोखर चिडले होते!

तेव्हापासून रोज येतात. घड्याळ आठवड्याला एकच, कधी तेही नाही. पण स्पीकरची प्रत्येक जोडी आधी त्यांच्या पुढ्यात जाते, डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, उजवा रडका आहे, बदल. तुमची जोडी त्यांनीच पास केलीय, म्हणून म्हटलं खात्रीनं.

मी अजून चुकतेच, बरं का. परवाच त्यांच्या देखत नवऱ्याला पुटपुटले, बाबांनी पुन्हा खोकल्याचं औषध घेतलं नाही. मग लक्षात आलं, तशीच त्यांच्याकडे वळले आणि मोठ्यानं म्हटलं, बाबा, औषध! म्हणाले, पहिल्यांदाच कळलं होतं, पण आता घेतो.

आणि हे टेबलाचं खरं कारण नवऱ्याला माहीत नाही हं. त्याला वाटतं घड्याळांचे दिवस परत आलेत. बहिणीलाही सांगितलं नाही, ती विचारते घड्याळ कशाला नेलं होतंस, मी विषय बदलते. कुणालाच सांगितलेलं नाही. आणि तुम्ही कोण कुठले, स्पीकर न्यायला आलात आणि मी — अहो, असं काय बघताय? चेहरा का उतरला तुमचा? काय बोललात आईंसमोर? — नको, मला नका सांगू. मला सांगून काय उपयोग? ही घ्या पिशवी, वायर आत आहे, घुमाऱ्याचं बटण डावीकडे. निघा आता, निघा, घरी जा, शिंपी येईल आणि त्याच्या टीव्हीला अजून हात लागला नाही माझा.