गच्चीवरून कैलासाकडे

तीर्थाला बाई एकटी जात नाही आणि का ते विचारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आमच्या आत्यानं विचारलंच नाही! झाशीहून नेपाळमार्गे तिबेटात, थेट कैलासापर्यंत पायी जायचं ठरवूनच टाकलं. सराव म्हणून गव्हाची पिशवी पाठीवर बांधून ती रोज गच्चीवर फेऱ्या मारते. शेजारीण ओरडते, “बुआजी, गेहूँ सुखा रही हो कि घुमा रही हो?”

“तीरथ करा रही हूँ!”

काल काका मला म्हणाले, “तिचा पासपोर्ट मागून आण, कुलपात ठेवतो. तुझ्यावर विश्वास आहे तिचा.”

“म्हणूनच नाही आणणार. ती वर आहे, तुम्हीच जाऊन मागा की.”

काकांनी जिन्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बाबांकडे. वर आत्याची पावलं वाजत होती. जिन्याची पहिली पायरीही कुणी चढलं नाही.