घोटायचं काम बायांचं

दोन हजार तेवीस साल, माझं वय एकाहत्तर. कर्जत तालुक्यातला मी कुंभार, शाळा दुसरीपातूर, पन चाकावर मला शिकवंल असा मानूस आमच्या चार गावांत न्हाई, हे मी तोंडावर सांगतो. तर त्या साली नगरकडच्या कालिजातली एक मॅडम पोरं-पोरी घेऊन दारात आली. म्हनाली, बाबा, मडकी दगडानं घोटून खड्ड्यात भाजायची हायेत, वर काळे डाग पडले पायजेत.

आता काय सांगू तुमाला. डागाचं मडकं आमी बाजारात नेतच न्हाई, लोक म्हनत्यात धुरकटलं. आन ही पोरं डागासाठी एष्टीनं आलेली. मला हसू बी आलं आन बघावंसं बी वाटलं.

मडकी म्या चाकावर काढून दिली. घोटायचं काम बायांचं, आमच्यात गडी मानूस घोटाय बसत न्हाई, म्या जन्मात गोटा हातात धरला नव्हता. आमची म्हातारी, सरूबाई, पोरांना दावत हुती, आंबटवलं झालं, म्हंजी बोट रुतंना झालं, की घोटायचं, सुकत आलं की पुन्यांदा. एक पोरगी म्हनली, बाबा, तुमी पन घोटा की. म्हनलं, ह्यात काय हाय, आन समद्यांदेखत बोलून बसलो, खड्ड्यातनं सगळ्यांत चकचकीत निघंल ते माझं. म्हातारी म्हनली, अवो, लई वलं हाय, दम धरा. म्हनलं, तू तुझं बघ. घोटलं तवा आरशावानी चमकलं, वाळल्यावर चमक गेली. म्हनलं, जाळ आनंल.

खड्ड्यात उसाचं पाचट, गवऱ्या, भुसा घातला, वर पत्रा आन माती टाकून धूर कोंडला. गार झाल्यावर उकरलं. पोरांची मडकी काळी-तांबडी, जांभळासारखी तुकतुकीत. माझं तव्याच्या बुडावानी. पोरगी म्हनली, हे कुनाचं. म्हातारी माझ्याकडं न बघता राख झाडाय लागली, ती बोलली असती तर बरं हुतं. म्हनलं, माझं हाय, आन तिथंच फोडलं. राग न्हाई, काळं आत किती जातं ते बघायचं हुतं. वर नखाएवढा काळा पापुद्रा, मदी तांबडं. पोरं वाकून बघाया लागली, मी बी.

दुसऱ्या दिशी सकाळी, मानसं दारावरनं जात-येत हुती तवाच, आंबटवलं मडकं घेऊन वसरीवर म्हातारीपुढं बसलो. म्हनलं, दाव. ती म्हनली, आदी मांडी नीट घाला. घातली.