प्रभुभोजनाच्या पोळीच्या कडा

माहं माहेर पातूरकडचं. बाप मिशनच्या शाळेत चपराशी, माय लोकाइची बाळंतपणं करे, अन् आमी भावंडं शाळेच्या ओट्यावरच वाढलो. नाव सगुणा. लिही, सगुणाबाईच लिही, त्यात इचारण्यासारखं काय आहे बापा? तू कॉलेजात जातो, तुह्या घरातला पहिलाच, तरी पेन धरून असा बसला जसा मीच तुही परीक्षा घेऊन राहिली.

तं लग्न होऊन अकोल्याले आली. मालक कापसाच्या जिनात कामाले होते. पोरगी झाली, करुणा. ती दोन वर्षांची असताना मालक तापानं गेले, अन् ती चार वर्षांची झाली तई माह्या कोपराजवळ चट्टा उठला. सुई टोचली तरी समजे नाही. डॉक्टरनं पाहिलं अन् म्हणे, बाई, हा महारोग आहे. आता काय सांगू तुले, त्या काळात तो शब्द ऐकला की माणसं वाटेतून बाजूले होत. माही नणंद एस्तेर, तिले ना नवरा राहिला होता ना मूलबाळ, अकोल्याच्या मिशनशाळेच्या बोर्डिंगात सैपाकाले होती. तिनं पोरगी कडेवर घेतली अन् म्हणे, तू जाय, हिची काळजी करू नको. मी गेली, अमरावतीच्या पुढं महारोग्यांचा दवाखाना होता तिथं. सात वर्षं राहिली. सात वर्षं.

तिथं सारेच माह्यासारखे, म्हणून तिथं हसणं लय. गोळ्या खायच्या, पट्ट्या बांधायच्या, संध्याकाळी प्रार्थना. मी रोज एकच मागत होती, देवा, माही पोरगी माह्या हातची भाकर खाऊ दे. बाजूच्या खाटेवर गंगूबाई होती, ती म्हणे, काहून वं, तुह्या हातची भाकर कोण खाईन? त्यापेक्षा नवी बोटं मांग, देवाले ते सोपं जाईन. उजव्या हाताची दोन बोटं वाकलीच होती माही. मी म्हटलं, वाकली तं वाकू दे, कणीक मुठीनंही मळता येते. मंग दवाखान्याच्या सैपाकघरात मी मुठीनं मळणं शिकली. हाताले चटका बसला तरी समजत नसे, म्हणून तिथल्या नर्सबाईंनी सांगतलं होतं, पोळी उलटवली की हातही उलटवून डोळ्यानं पाहायचा. पोळी उलटव, हात उलटव. अजूनही तसंच करतो मी.

अन् माहा विश्वास मोठा होता असं काही लिहू नको हं. कधी कधी मी देवाशी भांडे, चार चार दिवस बोलत नसे. पण मागणं काही सोडलं नाही, कारण मागाले दुसरं दारच नव्हतं.

डॉक्टरनं कागद देला की आता रोग गेला, हिच्यापासून कोणाले लागत नाही. तो कागद छातीशी धरून अकोल्याले आली. पोरगी अकरा वर्षांची, एस्तेरच्या पदराआडून मले पाहून राहिली. एस्तेरनं कागद वाचला, घडी करून परत देला, अन् मले पडवीत जागा देली. ताट वेगळं, गिलास वेगळा, चुलीजवळ यायचं नाही. मले तिचा राग नाही आला बापा. माह्या पोरीले तिनं वाढवलं होतं, ती भीत होती तं पोरीसाठीच भीत होती. पण सात वर्षं जे मागितलं ते आता चार हातांवर होतं, अन् चार हातच लय दूर होते.

अन् मंग आमच्या देवळाचे पाळकसाहेब एक दिवस पडवीत आले. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत देवळात साऱ्यांनी एकेक तुकडा खायच्या, बिनखमिराच्या पोळ्या करणारी म्हातारी लेकाकडं राहाले गेली होती. म्हणतात, सगुणाबाई, महिन्याच्या पहिल्या रविवारच्या पोळ्या तुमी करा. मी म्हटलं, साहेब, लोक खाणार नाहीत. तं म्हणे, तुमी लोकांकडं नका पाहू, तव्याकडं पाहा, करपू देऊ नका. त्यांच्याच घरच्या चुलीवर केल्या. पाळक पोळीच्या गोल कडा कापून टाकत अन् मधल्या चौकोनाचे तुकडे ताटात ठेवत. देवळात पहिला तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला. मंग लोक उठले, काही हळूहळू, काही खाली मान घालून, पण आले. एस्तेर बाकावरून उठली नाही. बाहेर म्हणे, पोटात गॅसचा गुबारा धरला होता. दुसऱ्या महिन्याले तिची दाढ दुखली. तिसऱ्या महिन्याले गुडघा. बाया तिले म्हणत, एस्तेरबाई, पहिल्या रविवारची एखादी गोळी घेत जा ना. मी घरी येऊन रडे. म्हणे, देवा, मोठी माणसंच नाही खात, तं माही पोरगी काय खाईन?

चौथ्या खेपेले मी सकाळी पाळकांच्या चुलीवर पोळ्या करून राहिली होती, तं एस्तेर दारात येऊन उभी. मंग म्हणे, काय पाहतं वं हाताकडं सारखं सारखं?

मी म्हटलं, भाजलं का ते पाहतो. मले समजत नाही ना.

तिनं पदर कमरेले खोचला. मंग आत आली, माह्या हातातली सांडशी घेतली अन् म्हणे, सरक. तू लाट, मी शेकतो.

त्या रविवारी एस्तेर सगळ्यांच्या आधी उठली. गुडघा बिलकुल दुखला नाही. घरी आलो, तिनं मले हाताले धरून चुलीजवळ बसवलं, भाकर कराले लावली, अन् करुणाले म्हणे, बस पोरी, आज तुह्या मायच्या हातचं खाय, भिऊ नको.

करुणा म्हणे, आत्या, मी तं कवाचीच खाऊन राहिली.

एस्तेरनं इचारलं, कुठं वं? तं ती म्हणे, पाळकसाहेब कडा कापतात ना, त्या देवळामागं लेकराइले वाटतात. दर खेपेले सगळ्यात जास्त मलेच भेटतात, मी सांगतो ना, माह्या मायनं केल्या म्हणून.

म्हणजे मी ज्याच्यासाठी रडत होती ते पहिल्याच रविवारी होऊन गेलं होतं, देवळामागं, मले न सांगता. अन् एस्तेरनं कपाळावर हात मारला, म्हणे, बाई वं, तीन महिने मी एकटीच उपाशी राहिली का? तिघी इतक्या हसलो की तव्यावरची भाकर करपली. करपलेलीच खाल्ली करुणानं.

आता करुणा नर्सबाई झाली, अमरावतीले असते, सुट्टीले येते तं पहिले चुलीजवळ बसते. एस्तेरचे दात गेले, तिले मी भाकर दुधात चुरून देतो अन् ती म्हणे, मीठ कमी आहे. दर पहिल्या रविवारच्या पोळ्या अजून माह्याच हातच्या. देव तुहं भलं करो बापा, चांगला शिक. आता ते पेन ठेव, हात धू, भाकर निवून जाईन. अन् कडेपासून खाय.