तिसऱ्या खुर्चीचा शेवटचा शब्द

सातेरी आईला हात जोडून झाले, आता जरा सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे! मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. माणूस न बघता उडी मारतो, त्याला आपण धाडस म्हणतो. पण लागतं कुणाला? उडी मारणाऱ्याला, की खाली उभा असतो त्याला?

न पाहता जेणे । टाकिले पाऊल । काट्याची चाहूल । घरा त्याच्या ।।

ऐका तर. आपल्याच मुलखातली गोष्ट. नाव बदलून सांगतो, उल्हास गवस म्हणू. काजूचा छोटा कारखाना. कारखाना कसला — पडवी, भट्टी आणि काम करणाऱ्या चार बायका! त्यात पहिली त्याची विधवा वहिनी, सुनंदा. थोरला भाऊ गेल्यावर तिनेच ती भट्टी विझू दिली नाही.

काजूची बी फोडणं म्हणजे काय, ते इथल्या बायकांना विचारा. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी सोलते. राख चोळून बसतात बिचाऱ्या, तरी तळवे काळे ते काळेच! सुनंदावहिनी कुणाच्या बारशाला गेली तरी हात पदराखाली ठेवायची.

म्हणून ठरलं — बिया कापायचं यंत्र आणायचं. वहिनीने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले, उल्हासच्या हातात दिले. आणि उल्हास कसा? घरात शेवटचा शब्द त्याचा! सगळ्यांचं बोलून झालं की हा घसा खाकरणार आणि म्हणणार, "आता माझं ऐका." पेटीवाले आबा, हसू नका. तुमच्या घरचं मला माहीत आहे!

गेला पणजीला. दुकानदार म्हणाला, "यंत्र उद्या सकाळी गाडीत चढवतो, पैसे तेव्हाच द्या." संध्याकाळ मोकळी. समोर नदीत दिव्यांनी झगमगणारं जुगाराचं जहाज! आणि आमचा उल्हास मोबाइलवर पोकर शिकलेला. मोबाइलवर पोहायला शिकून विहिरीत उडी मारणारा माणूस पाहिलाय का कुणी? हा पाहा!

आता त्या खेळाची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. पत्ते वाटायच्या आधीच दोघांना पैसे टाकावे लागतात. एकाला थोडे, त्याच्या शेजाऱ्याला दुप्पट. पत्ता बघितलेला नाही, तरी टाकायचे! त्याला म्हणतात ब्लाइंड, म्हणजे आंधळा डाव. पण ती सक्ती असते, पाळीपाळीने सगळ्यांवर येते. सक्तीचं एक वेळ समजू शकतो.

पण तिसऱ्या खुर्चीवर जो बसतो ना, त्याला कसलीच सक्ती नाही. त्याला वाटलं तर तो आपणहून, पत्ते न बघता, दुसऱ्याच्याही दुप्पट टाकू शकतो. त्याला स्ट्रॅडल म्हणतात. अहो, कुणी मागितलेलं नाही, विचारलेलं नाही! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातल्या चिपळ्या थांबल्या माझ्या. असं का करावं माणसाने?

कारण आमिष आहे! तसं केलं की पहिल्या फेरीत तो सगळ्यांच्या शेवटी बोलतो. बाकीचे काय करतात ते बघायचं, मग आपण ठरवायचं. शेवटचा शब्द! जहाजावर नेमक्या त्याच खुर्चीत बसलेल्या उल्हासला आणखी काय हवं?

पत्ते वाटणारी मुलगी सभ्य होती. म्हणाली, "सर, हे ऐच्छिक आहे. नाही लावलं तरी चालतं."

"लावतो," हा म्हणाला. "आम्ही कुणाला घाबरत नाही."

पत्ते वाटले. एकेक करून सगळे उठले डावातून, सक्तीचे दोघेही. राहिला फक्त डावीकडचा चष्मेवाला, बेळगावचा व्यापारी. त्याने मुकाट्याने वाढलेली रक्कम भरली. आता उल्हासने पत्ते उघडले — राजा आणि चौकी. राजा दिसल्यावर मिशीवरून हात! "वाढवलं!" चष्मेवाल्याने तेही भरलं.

मग टेबलावर तीन पत्ते उघडले. राजा, नव्वी, तिरी. उल्हासची राजांची जोडी झाली! हा हाताची घडी घालून चष्मेवाल्याकडे बघत बसला. तो बोलेल, मग मी बोलेन.

मुलगी म्हणाली, "सर, तुमची पाळी."

"माझी? माझी शेवटी!"

"ते पहिल्या फेरीपुरतंच होतं, सर. आता नेहमीच्या क्रमाने."

मंडळी, काय अवस्था झाली असेल! दुप्पट मोलाने विकत घेतलेला शेवटचा शब्द एका फेरीत संपला, आणि उरलेल्या दोघांत आता यालाच आधी बोलायचं होतं. पैसे न लावता गप्प बसायची सोय होती हो! पण टेबलाभोवतीचे हसले, आणि ते याला झोंबलं. समोर होतं ते सगळं पुढे सरकवलं. सगळं! वहिनीच्या हातांची सुटका होती ती!

चष्मेवाल्याने चष्मा पुसला आणि भरले पैसे. त्याच्याकडे राजा आणि नव्वी. म्हणजे दोन जोड्या. आणखी दोन पत्ते पडले, पण ते उल्हासच्या कामाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी हा रिकामा घरी आला. वहिनी पडवीत राख चोळून बसलेली.

"भावोजी, मशीन खंय?"

याने सांगितलं, खरं ते सगळं. एवढं मात्र केलं. मग मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिला. वहिनी आपल्या तळव्यांकडे बघत होती. मग तिने राखेची परात त्याच्याकडे सरकवली.

"हातांक राख लावा," ती म्हणाली. "आनि बसा."

बस्स. त्या घरातला शेवटचा शब्द तो. बसला उल्हास. शिमग्यापर्यंत त्याच्याही तळव्यांची कातडी निघाली, आणि वहिनी रोज फोडत होती ते काय होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठे जहाजावर जातो? खरंय. पण कुणाशी न बोलता व्याह्याला शब्द देऊन आलेले किती जण बसलेत इथे? कुणी मागितलं नसताना, नुसत्या तोऱ्यासाठी, पंगतीत "मी देतो" म्हणून उठलेले किती? पत्ता बघितला होता का तेव्हा?

आता आरतीचं ताट फिरेल. हात पुढे कराल, तेव्हा उल्हास कोण म्हणून शेजाऱ्याचे तळवे बघू नका. स्वतःचे बघा. ते स्वच्छ दिसले तर लगेच खूश होऊ नका. घरी जा आणि विचारा, माझ्यापायी इथे कुणाचे हात काळे झाले?