आपण आपले खोटे साहेब

हसू नका, मानधन मिळतं मला त्याचं! सरकारी मानधन! उशिरा मिळतं, पण मिळतं... आणि कामही काही सोपं नाही, साहेब व्हायचं असतं. खोटा साहेब. म्हणजे असं बघा, सरकारनं एक केंद्र काढलंय. ज्या पोरांच्या मागं कुणी नाही, आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे, शाळा अर्धवट, ओळखपाळख शून्य, वशिला तर स्वप्नातही नाही, अशा पोरांना नोकरीला लावायचं केंद्र. आता नोकरी म्हटली की मुलाखत आली, मुलाखत म्हटली की समोर साहेब आला, आणि साहेब समोर आला की या पोरांचं जे काही होतं ना... पाय लटपटतात, जीभ टाळ्याला चिकटते, नाव विचारलं तर छताकडं बघतात, जसं काही तिथं लिहून ठेवलंय! मग वरच्या कुणीतरी डोकं लढवलं, की यांना साहेबाची सवयच करून टाका. रोज एक खोटा साहेब पुढ्यात बसवा, रोज खोटी मुलाखत घ्या, भीती मोडेल. आणि हा खोटा साहेब कोण? तर मी!

मीच का, असं विचाराल, तर मी जन्मभर कचेरीत कारकून होतो. साहेब कधी झालो नाही, पण साहेब बघितलेत किती! आणि उभं राहून बघितलेत, बसून नव्हे. चष्म्याच्या वरून बघणारा, पेनाचं टोपण टकटक वाजवणारा, आपण बोलायला लागलो की खिडकीबाहेर बघणारा, 'हं' एवढंच म्हणून माणसाला घाम फोडणारा... सगळे अंगात भिनलेत माझ्या. खुर्चीत बसायचा अवकाश, एकेक उतरायला लागतात. घरी मात्र नाही उतरत. आमची ही म्हणते, "साहेब तिकडं. इकडं कचऱ्याची बादली खाली नेऊन ठेवा." नेतो बापडा. आपलं काय, आपण आपले खोटे साहेब.

बरं, या पोरांत एक मुलगी होती. तिला सगळे कुलूप म्हणायचे. सरकारी वसतिगृहात वाढलेली. आणि सरकारचा नियम असा, की ठरावीक वय झालं की वसतिगृह सोडायचं. सोडून कुठं जायचं? ते नियमात नाही. हिला महिनाअखेरीला सोडायचं होतं. नोकरी लागली तर दोघीतिघींत मिळून एखादी खोली घेता येईल, आणि नाही लागली तर... ते मी विचारलं नाही. विचारवलं नाही माझ्याच्यानं. आणि तुम्हाला सांगतो, माझ्यासमोर ही मुलगी अशी घडाघडा बोलायची, की मलाच मध्ये 'हं' म्हणायला फट सापडायची नाही. पण खऱ्या साहेबाकडं पाठवली की संपलं! तोंडाला कुलूप! जिथं पाठवली तिथून तशीच परत. एका ठिकाणी तर साहेबानं नुसतं 'बसा' म्हटलं आणि ही उठून बाहेर आली. बसलीच नव्हती, तरी उठून आली! मी म्हटलं, अगं माझ्यापुढं तर पट्टा चालू असतो तुझा, मग तिथं काय होतं? तर म्हणाली, "काका, तुम्ही खोटे आहात ना."

खरंच आहे. आपण आपले खोटे साहेब.

आणि नेमकी त्याच सुमाराला माझी दाढ दुखायला लागली. ठणका असा, की चष्म्याच्या वरून बघायला गेलो की डोळ्यांतून पाणीच यायचं, आणि पोरं म्हणायची, साहेब भावूक झाले. काढायचं ठरलं. म्हटलं एक दिवस बदली साहेब देऊ, म्हणून मेहुण्याला तयार केला. मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. त्याची नोकरी एक टिकली नाही, पण खुर्चीची हौस दांडगी. आदल्या दिवशी मी पोरांना सांगून ठेवलं, उद्या माझा मेहुणा येईल, नवखा आहे, गडबडेल, जरा सांभाळून घ्या त्याला.

इथं चुकलं माझं. कारण या पोरांना आजवर जो तो येऊन सांगायचा, की आम्ही तुम्हाला सांभाळून घेतो. तुम्ही कुणाला तरी सांभाळून घ्या, असं कुणी म्हणालंच नव्हतं कधी! पोरं फुलली हो. आणि सगळ्यांत जास्त कुलूप फुलली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा गेलाच नाही. झोपला होता. नंतर मलाच म्हणतो, "भाऊजी, खरे साहेब कुठं वेळेवर येतात? मी भूमिकेत होतो." राहू दे तुझी भूमिका! इकडं झालं काय, की शहरातल्या इस्पितळांच्या चादरी धुणारी एक मोठी लॉन्ड्री आहे, तिचा मॅनेजर, जो उद्या पोरं बघायला यायचा होता, तो आजच आला. आणि साहेबानं कसं यावं? गाडीचं दार आपटत यावं. हा आला कापडी पिशवी घेऊन, बाह्या दुमडलेल्या, दारात पाय पुसून. पायपुसण्याला पाय पुसणारा साहेब तुम्ही बघितलाय कधी? शिपाईमामांनी त्याला मेहुणाच समजून खोलीत नेऊन बसवलं, आणि पहिला नंबर कुलपाचा!

मी दवाखान्यातून थेट केंद्रात, म्हटलं बघू मेहुणा काय दिवे लावतोय. तोंडात हा एवढा कापूस, गाल फुगलेला, बोलायची बंदी. तर जिन्यात केंद्राच्या मॅडम धावत येताना भेटल्या, पांढऱ्याफटक. म्हणाल्या, आत्ता लॉन्ड्रीतून फोन आला, आत त्यांचे साहेब बसलेत, आणि पोरीला माहीतच नाही, मी जाऊन सांगते. सांगते? सांगितलं की कुलूप! मी जो धावलो ना, जाऊन दाराला पाठ लावून हात पसरून उभा. मॅडम म्हणतात बाजूला व्हा, मी म्हणतो 'उं उं'. मॅडम म्हणतात काय होतंय तुम्हाला, मी म्हणतो 'उं उं उं'. त्यांना वाटलं मला झटका आला! शिपाईमामा पाणी घेऊन धावले, ते म्हणतात पाजा, मी तोंड उघडत नाही, सगळं पाणी शर्टावर... आणि दारावरची काच फुटलेली, त्यामुळं आतलं अक्षरन् अक्षर बाहेर!

आत ती त्याला शिकवत होती हो!

"नाही नाही, असं लगेच 'बसा' म्हणायचं नाही. आधी कागद बघत राहायचं. उमेदवार उभा राहिला पाहिजे थोडा." तो म्हणाला, का बरं? "साहेब आहात ना तुम्ही? आणि पेन वाजवा. नाही, असं हळू नाही, मी घाबरले पाहिजे." आणि मग टक टक टक... वाजवत होता हो तो! मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मग त्यानं विचारलं, कामाचा अनुभव काय. ही म्हणाली, वसतिगृहातलं सगळ्यांचं धुणं मीच बघायचे, कुणाचं काय हरवलं की सगळी माझ्या अंगावर यायची, पण मी कुणाला रडू दिलं नाही. नोकरी का हवीय म्हणाला. तर... आता मी या पोरांना रोज शिकवलेलं, की इथं म्हणायचं 'मला शिकायची आवड आहे'. रडगाणं नाही गायचं. आणि ही काय म्हणाली? म्हणाली, "ते आवडबिवड आमचे साहेब म्हणायला सांगतात. तुम्हाला खरं सांगते. महिनाअखेरीला मला राहायला जागा नाही. कुणीच नाही मला. रात्री झोप येत नाही." असं अगदी सहज सांगितलं, जसं घरच्या माणसाला सांगावं. दाराबाहेर शिपाईमामांनी हातातला पेला खाली ठेवला. माझं तर 'उं'सुद्धा बंद झालं.

आत पेनाची टकटक थांबली. मग तो म्हणाला, "सोमवारपासून या कामावर."

आणि हिनं टाळ्या वाजवल्या! म्हणाली, छान जमलं की तुम्हाला शेवट शेवट! तो म्हणाला, अहो मी खरा मॅनेजर आहे. ही म्हणाली, हे तर त्याहून छान! तो बाहेर आला, घाम पुसत. मॅडम हात जोडून माफी मागायला लागल्या, तर म्हणाला, "माझ्याकडं इस्पितळाची माणसं चादरींसाठी येऊन तोंडाला येईल ते बोलतात. माझी सगळी माणसं खाली मान घालून ऐकतात. मला अशीच पाहिजे होती." आणि गेला. जाताना पुन्हा पाय पुसून गेला!

मग सांगायचं कुणी? मी कापूस काढला, म्हटलं, पोरी, तो माझा मेहुणा नव्हता. खरा होता तो.

मटकन खाली बसली. झालं, कुलूप. मी घाबरलो. मग एवढंच म्हणाली, "मला जागा नाही, कुणी नाही... हे त्यांनी खरंच ऐकलं?"

म्हटलं, हो.

"आणि तरी घेतलं?"

तुम्हाला सांगतो, मला रडू फुटलं. सगळे म्हणाले दाढ दुखतेय. म्हटलं, हो, दाढच.

आता ती मजेत आहे. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतलीय. येते कधीमधी, इस्पितळवाल्यांवर ओरडून ओरडून घसा बसलाय म्हणते. सगळं छान झालं. पण माझं काय? ही बातमी केंद्रभर झाली ना, की खुर्चीतला खोटा साहेब खरा निघाला! तेव्हापासून पोरं दारातच थरथरतात. कालचा मुलगा चांगला दांडगा, बाहेर खिदळत होता, मला बघितलं आणि पुतळा! म्हटलं, अरे घाबरू नकोस, मी खोटा आहे. तो म्हणाला, "हो साहेब." म्हटलं, शपथ घेऊन सांगतो बाबा, साधा कारकून होतो मी! तर अजूनच ताठ उभा राहिला. शेवटी हताश होऊन नुसतं 'हं' म्हटलं... तर पोराला घाम फुटला!

जन्मभर वाटायचं, एकदा तरी कुणीतरी आपल्याला खरा साहेब समजावं. आता समजतात. आणि माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही.