नमुना क्रमांक सतरा

हॅलो? … हो ताई, बोल. … झोपले नव्हते, हळू बोलतेय. निर्मात्यांच्या ऑफिसात आहे, बाहेरच्या खोलीत. … अगं तेच, ज्यांच्या भेटीसाठी आठ महिने थांबले होते. … झाली. म्हणजे अर्धी झाली. उरलेली अर्धी वीस मिनिटांनी.

आधी माझं ऐक ना. मी तुलाच फोन करणार होते, मला तुला … बरं. बरं, तू आधी.

हो. … हो. … परत? किती मिनिटं पुढे केलंस घड्याळ? … सातच ना, नेहमीसारखं. आणि भाऊजींनी परत मागे. किती वाजता? … सहज विचारतेय. आज तुमच्या अबोल्याचा अकरावा दिवस ना? … बारावा? मग माझ्याकडे एक नोंद कमी … काही नाही, काही नाही. पुढे सांग.

हो गं, घड्याळ पुढे असतं म्हणून तुझी बस चुकत नाही, मान्य. पण ते पुढे आहे हे तुला माहीत असतं. मग तू मनातल्या मनात सात वजा करतेसच ना. … मी त्यांच्या बाजूची नाही. मी वजाबाकीच्या बाजूची आहे.

चिठ्ठी? फ्रिजवरच? आज काय लिहिलंय? … वाच ना. सावकाश. … 'सदर घड्याळाशी छेडछाड करणाऱ्या व्यक्तीने' … हं … 'आपला लेखी खुलासा दोन दिवसांच्या आत फ्रिजच्या दारावर सादर करावा.' … खाली जावक क्रमांक आहे? … एकतीस. बारा दिवसांत एकतीस चिठ्ठ्या. निवृत्त झाले तरी हेडक्लार्क ते हेडक्लार्कच. तू काय उत्तर लावलंस? … 'ओला टॉवेल गादीवर कोणी ठेवला, याचा खुलासा आधी यावा.' ताई, हे फार चांगलं आहे. … हसत नाहीये. … कसला आवाज? … पेनाचा नाही. … बरं, पेनाचा आहे.

ऐक. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण फोन ठेवू नकोस. माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत.

मी गोष्टींच्या कल्पनांना नावं देत नाही, नंबर देते, माहीत आहे ना तुला? … हो, प्रयोगशाळेतलं खूळ. नोकरी सोडली तरी ते सुटलं नाही. बाटलीवर नंबर, वहीत नोंद. तर नमुना क्रमांक सोळा म्हणजे दीपगृहातला खून. … तोच, ऐकताना तुला डुलकी लागली होती तो. तो या लोकांना पाठवायचा होता. माझ्या हातून चुकून सतरा गेला. … सतरा म्हणजे … सतरा म्हणजे तुमचं घड्याळ.

ताई? … आहेस ना? … श्वास ऐकू येतोय, म्हणजे आहेस.

गोष्ट म्हणून नव्हतं गं लिहिलं. तू रोज फोनवर सांगायचीस, मी टिपून ठेवायचे. तारीख, वेळ, घड्याळ किती पुढे, किती मागे, चिठ्ठीतला मजकूर. … हो, तक्ता पण आहे. … टॉवेल पण आहे. … नाव कुठेच नाही. 'पती' आणि 'पत्नी' एवढंच. … हो, एका ठिकाणी 'घोरणारा पती' आहे. पण ते शब्द तुझे.

मला कुठे माहीत? मी आत बसून खून सांगतेय, दीपगृहाच्या पायऱ्यांवर रक्त, आणि निर्माते समोर कागद धरून डोळे पुसतायत. मला वाटलं, किती हळवा माणूस. मग ते म्हणाले, 'बाई, ते टॉवेलचं काय झालं पुढे?'

हो, आवडली. घ्यायचीच म्हणतात. ताई, आठ वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचे भाग लिहितेय मी. सासू जिन्यावरून पडते ती माझी, शुद्धीवर येते ती दुसऱ्या कोणाची. पहिल्यांदा अख्खा चित्रपट माझा … बरं, तुमचा. तुमचा आणि माझा. पण त्यांना शेवट हवाय, आणि तुम्ही तर अजून भांडताय. मी म्हटलं, बाहेर बसून विचार करते. आणि ऐक, तुला न विचारता मी होकार देणार नाही. तू नाही म्हणालीस तर आत जाऊन सांगेन, चुकून आलं, परत द्या. … खरंच सांगेन. … हो, रडेन, पण सांगेन.

मग म्हण ना नाही. … ऐकतेय.

'पत्नी' जाड आहे असं कुठे लिहिलंय? … नटी एवढ्यात कुठे ठरते. … बारीक सांगते. … उंचही सांगते. … चिठ्ठ्या? त्यांच्या एकतीस, तुझ्या एकोणीस. … मोजल्या आहेत. … अगं, त्यांचे संवाद जास्त होतात त्याला मी काय करू, तेच जास्त लिहितात. … ताई? कुठे चाललीस? … ताई?

… तू आत्ता कोणाला हाक मारलीस?

'अहो, ऐकलंत का, हिने आपल्याला विकलं' … हे तू त्यांना म्हणालीस? तोंडाने? … बारा दिवसांनी पहिलं वाक्य, आणि तेही माझ्याबद्दल. ते काय म्हणाले? … नीट ऐकू येत नाही, स्पीकरवर टाक.

भाऊजी, नमस्कार. … हो. … हो, मूळ चिठ्ठ्या तुमच्या फाइलमध्ये आहेत, कल्पना आहे मला. … परवानगी घ्यायला हवी होती. लेखी. बरोबर. … ताई, तू 'खरं बोलतायत ते' म्हणालीस? तू? … काही नाही, ऐकतेय. … भाऊजी, मी लहानपणापासून अशीच आहे हे तुम्हाला कसं माहीत? … ताईने सांगितलं. कधी? … आत्ता. बरं.

दोघं एकदम नका बोलू, एकेक. … 'आमच्या भांडणात तिसऱ्याने नाक खुपसायचं कारण नाही.' हे कोण म्हणालं? … दोघंही.

थांबा. ताई, थांब, हे लिहून घेऊ का? … अगं, हाच शेवट आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मग त्यांना एक तिसरं माणूस सापडतं, ज्याचा दोघांनाही सारखाच राग येतो. … हो, ते माणूस मी. … दाखवते वाईट. … चष्म्यासकट.

अटी? सांगा भाऊजी. … टॉवेल गाळायचा? टॉवेल गेला तर चित्रपट गेला. … बरं, कोणी ठेवला ते शेवटपर्यंत सांगत नाही. … दुसरी? … संमतिपत्र तुम्हीच लिहिणार, सह्या दोघांच्या, जावक क्रमांक बत्तीस. चालेल. फ्रिजवर लावा आणि फोटो पाठवा, लगेच. … वेळ? चारला दोन कमी. … मोबाइलमधली सांगतेय. भिंतीवर किती वाजलेत ते तुम्हीच … नका. आता त्यावरून नका. भाऊजी, स्टूल खाली ठेवा.

ताई, रविवारी जेवायला येऊ ना मी? … का? … बारा दिवस माझ्याशी अबोला? … दोघांनी मिळून ठरवलं? कधी ठरवलंत, मी तर इथेच … हॅलो? … हॅलो?

ठेवला.

… हो, आले, आले. शेवट झाला आत्ताच. … एक मिनिट फक्त. फ्रिजवरून परवानगी यायची आहे.